इंजिनाची दोन दारं

मुलांनो, तुमच्या दारात मोटारसायकल उभी असते ना? उद्या सकाळी घरातलं मोठं माणूस ती चालू करील, तेव्हा दोन हात लांब उभे राहा आणि कान देऊन ऐका. सायलेन्सरच्या फटफट आवाजाखाली आणखी एक बारीक आवाज असतो. टिक्‌ टिक्‌ टिक्‌... शिवणाच्या मशीनसारखा. तो येतो इंजिनाच्या डोक्यातून. तिथं एक छोटासा लोखंडी दांडा फिरत असतो. त्याचं नाव कॅमशाफ्ट. या एवढ्याशा दांड्यावरून आमच्या घरात आठ दिवस अबोला होता! म्हणून तर मला, चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईला, तो शिकून घ्यावा लागला. आता तुम्हांलाही सांगते.

मी राहते जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीत. माझा भाऊ गावाबाहेर वस्तीवर राहतो. त्याच्याकडे म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस लिटरचे दोन कॅन मोटारसायकलला लावून तो दूध डेअरीवर आणतो. गाडी आहे शंभर सीसीची, बारा वर्षं जुनी. दोन्ही कॅन भरले की नुसत्या दुधाचंच वजन एक्केचाळीस किलोच्या पुढे जातं. वर भाऊ, शिवाय काळ्या मातीची वाट आणि मध्ये एक नाला. पावसाळ्यात त्या नाल्याचा चढ म्हणजे गाडीची रोजची परीक्षाच!

माझा भाचा अठरा वर्षांचा झाला, त्याला लायसन्स मिळालं. जालन्याला आयटीआयमध्ये तो मोटर मेकॅनिकचं काम शिकतो. सुट्टीत पंक्चरच्या दुकानात काम करून त्यानं पैसे साठवले आणि एक दिवस म्हणाला, "आबा, गाडी चढाला मरती. आपण तिला रेसिंग कॅम टाकू. मोबाइलवर बघितलंय मी, गाडी नुसती उडती."

भाऊ म्हणाला, "दुधाच्या गाडीला रेसचं सामान? डोकं फिरलं का तुझं?"

झालं! बोलणं तिथंच थांबलं. मुलगा जेवायला उशिरा येऊ लागला, बाप लवकर उठून जाऊ लागला. शेवटी वहिनी मला म्हणाली, "वन्सं, तुम्हीच बघा आता."

मी भाच्याला बोलावलं. म्हटलं, "मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. कॅम म्हणजे काय ते तू मला आधी शिकव. मला पटलं, तर मी तुझ्या आबांशी बोलते."

त्याला एवढंच हवं होतं. वही काढून तो समोर बसला.

आता तुम्हीही वही घ्या. मोटारसायकलचं इंजिन चार टप्प्यांत काम करतं. पिस्टन खाली जातो, तेव्हा पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन वर येतो, मिश्रण दाबलं जातं. ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि पिस्टनला जोरात खाली ढकलतं. पिस्टन पुन्हा वर येतो आणि जळका धूर बाहेर काढतो. मिश्रण आत येण्यासाठी एक दार आणि धूर बाहेर जाण्यासाठी दुसरं दार. या दारांना म्हणतात व्हॉल्व्ह. आणि ही दारं उघडतो कोण? आपला कॅमशाफ्ट! त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की अंड्याचं टोक वर येतं, एका छोट्या तरफेला ढकलतं आणि दार उघडतं. टोक पुढे सरकलं की स्प्रिंग ते दार परत लावून घेते.

माझ्या वडिलांकडे राजदूत होती. तिच्या इंजिनात हा कॅम नव्हताच! ते टू-स्ट्रोक इंजिन. सिलिंडरच्या भिंतीतच भोकं असायची आणि वरखाली जाणारा पिस्टनच ती झाकायचा, उघडायचा. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या हळूहळू गावोगाव पोचल्या. म्हणजे कोणता कॅम घ्यावा, हा प्रश्न आमच्या वडिलांना कधी पडलाच नाही.

आता थोडं गणित करू. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. का बरं? कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत वरचे चारही टप्पे पूर्ण होतात आणि तेवढ्यात प्रत्येक दार एकदाच उघडायचं असतं. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक दार मिनिटाला ३,००० वेळा उघडतं. म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा! एका वेळी ते सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी काळ उघडं राहतं. तेवढ्यात मिश्रणानं आत शिरायचं.

"म्हणून मोठा कॅम, आत्या," भाचा म्हणाला. "दार जास्त उघडणार, जास्त वेळ उघडं राहणार. मिश्रण जास्त, ताकद जास्त."

ऐकायला अगदी बरोबर वाटतं, नाही का? पण मला माझा वर्ग आठवला. आमच्या वर्गाला दोन दारं आहेत. एक व्हरांड्याकडे, एक मैदानाकडे. मधली सुट्टी संपते तेव्हा काय होतं ते रोजच बघते मी. समजा, एका दारानं मुलं आत येतात आणि दुसऱ्यानं बाहेर जातात. दार किती रुंद उघडलं, ती कॅमची 'लिफ्ट'. किती वेळ उघडं ठेवलं, ते त्याचं 'ड्युरेशन'. आणि दोन्ही दारं एकदम उघडी असलेला मधला क्षण म्हणजे 'ओव्हरलॅप'.

आता मुलं भरधाव धावत येत आहेत असं समजा. घंटा झाली, बाई "आता बास!" म्हणाल्या, तरी मागून रेटा असतो. दार थोडं उशिरा लावलं तर आणखी चारपाच जण आत घुसतात. बाहेर पळणाऱ्यांच्या ओढीनं आत येणारेही भरभर ओढले जातात. म्हणजे वेग असेल, तर उशिरापर्यंत उघडी असलेली दारं फायद्याची. पण हीच मुलं रमतगमत येत असतील तर? दार उघडंच बघून आत आलेली चार पोरं परत बाहेर पडतात. काही जण तर एका दारानं येतात आणि सरळ दुसऱ्यानं निघून जातात! वर्ग अर्धाच भरतो.

इंजिनातही अगदी तसंच होतं. जास्त वेळ दारं उघडी ठेवणारा कॅम जास्त फेऱ्यांवर इंजिनाला भरपूर ताकद देतो. पण कमी फेऱ्यांवर पिस्टन वर यायला लागला, तरी आत येण्याचं दार उघडंच असतं. मग आलेलं मिश्रण परत कार्बोरेटरकडे ढकललं जातं. थोडं मिश्रण न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. गाडी स्लोला थरथरते, बंद पडते, ॲव्हरेज घसरतं आणि खालच्या वेगाची ओढ कमी होते. थोडक्यात, असा कॅम ताकद खालच्या वेगाकडून काढून वरच्या वेगाला देतो.

भाचा गप्प झाला. मग मी त्याला गृहपाठ दिला. (सवयच ना!) "तुझ्या आबांची गाडी दिवसभरात कोणत्या गिअरमध्ये, किती वेगानं चालते ते दोन दिवस लिहून काढ."

त्यानं खरंच लिहिलं. भरल्या कॅननिशी वस्तीवरून डेअरीपर्यंत गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये होती. वेग पस्तीसच्या वर एकदाही गेला नव्हता. नाल्याच्या चढाला तर पहिला गिअर टाकावा लागत होता. रेसिंग कॅमची ताकद जिथं सुरू होते, तिथं ही गाडी कधी पोचतच नव्हती!

पण म्हणून त्याचं सगळंच चुकलं होतं का? नाही. गाडी चढाला मरत होती हे तर खरंच होतं. आधी दोन कॅन घेऊन तोच नाला ती दुसऱ्या गिअरमध्ये चढायची, असं वहिनीनंही सांगितलं. मग आता काय बिघडलं?

आम्ही तिघं, म्हणजे मी, भाचा आणि कुरकुरत का होईना भाऊ, गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. भाच्यानं त्यांना विचारलं, "काका, रेसिंग नको, पण थोडा मोठा कॅम चालंल का?"

मिस्त्री हसले नाहीत. मला ते फार आवडलं. त्यांनी त्याला कारागिरासारखं उत्तर दिलं. ते म्हणाले, कॅम तीन तऱ्हेचे समज. एक कंपनीचा. दुसरा थोडा वाढवलेला. तो दार जरा जास्त उघडतो, पण वेळ फारसा वाढवत नाही. त्यानं खालची ओढ फारशी जात नाही. पण दार त्याच वेळात जास्त उघडायचं म्हणजे स्प्रिंगवर आणि तरफेवर ताण आला. तिसरा शर्यतीचा. त्याला कडक स्प्रिंगा लागतात, नाहीतर जास्त फेऱ्यांवर दार वेळेत लागत नाही. कार्बोरेटरचा जेट बदलावा लागतो, सायलेन्सरही. आणि उघडलेलं दार वर येणाऱ्या पिस्टनला धडकणार नाही ना, हे आधी तपासावं लागतं.

"ते कसं तपासायचं?" मी विचारलं.

"बाई, तुमच्या शाळेतली खेळायची माती असती ना, ती पिस्टनच्या डोक्यावर लावायची. सगळं बसवून इंजिन हातानं हळूच दोन फेरे फिरवायचं. मग खोलून बघायचं, माती किती दबली. दबलेल्या जागी जेवढी जाडी उरली, तेवढी जागा शिल्लक."

पाहा मुलांनो, तुमच्या रंगीत मातीचा केवढा मोठा उपयोग!

मग त्यांनी भाच्याला विचारलं, "पण आधी सांग, आहे तो कॅम तू मोजलास का?"

मोजला नव्हता. हेड खोललं, कॅमशाफ्ट बाहेर काढला, रॉकेलनं धुतला. भाच्यानं व्हर्नियर कॅलिपर घेऊन उंचवट्याची उंची मोजली आणि कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहिली. एक उंचवटा त्या मर्यादेच्या चांगलाच खाली झिजलेला होता. अंड्याचं टोकच बोथट झालेलं! म्हणजे आत येण्याचं दार पुरतं उघडतच नव्हतं. गाडीचा श्वासच अर्धा झाला होता.

"ऑइल कधी बदललं होतं?" मिस्त्रींनी विचारलं.

भावानं उत्तर दिलं नाही. ऑइल खालच्या टाकीत असतं आणि पंप ते वर चढवतो. कॅम बसतो सगळ्यांत वर. ऑइल कमी झालं किंवा जुनं झालं, की त्याची झळ त्याला लवकर बसते. भावानं तो दांडा हातात घेतला, अंगठ्यानं चाचपून पाहिला. मग मुलाकडे न बघता म्हणाला, "बॅटरी नीट धर इकडं, अंधार पडायलाय."

आठ दिवसांतलं ते पहिलं वाक्य! भाच्यानं बॅटरी धरली.

त्या रात्री निर्णय झाला आणि तो भाच्यानंच घेतला. कंपनीचाच नवा कॅमशाफ्ट, झिजलेल्या तरफा नव्या आणि ताजं ऑइल. टॅपेटची फट त्यानं स्वतः फिलर गेजनं लावली. साधारण केसाच्या जाडीएवढी असते ती फट. जास्त ठेवली तर खडखडाट, अजिबात नाही ठेवली तर तापल्यावर दार पुरतं लागत नाही आणि जळतं. त्याच्या साठवलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त यातच गेले. दुसऱ्या दिवशी भरले कॅन घेऊन गाडी नाला दुसऱ्या गिअरमध्ये चढली. वरचा वेग मात्र होता तेवढाच राहिला आणि त्याचं भाच्याला थोडं वाईट वाटलंच. ते मी लपवत नाही.

त्यानं मला विचारलं, "मग आत्या, मोठा कॅम वाईट असतो का?"

मुळीच नाही. जिथं इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर पळायचं असतं, तिथं तोच हवा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला शर्यतीच्या धावपट्ट्या आहेत. तिथं समोरून बैलगाडी येत नाही आणि दुधाचे कॅनही नसतात. आणि काही इंजिनांना तर दोन्ही कॅम असतात! यामाहाच्या आर-१५ गाडीत २०१८ पासून अशी सोय आली. आत येण्याच्या दारासाठी एक लहान आणि एक मोठा, असे दोन उंचवटे. मिनिटाला ७,४०० फेऱ्यांच्या आसपास इंजिन आपणहून लहानावरून मोठ्यावर जातं. रमतगमत असताना एक दारवान आणि धावताना दुसरा!

मोठ्या मुलांनो, आणि आई-बाबांनो, आणखी एक गोष्ट. रस्त्यावरच्या गाडीत वाटेल तो बदल करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार, नोंदणीत लिहिलेली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. धुराची तपासणी असतेच. आणि गिअरची मोटारसायकल अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय चालवायचीच नाही. मुलानं चालवली, तर २०१९पासून पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय इंजिन वेगवान केलं तरी ब्रेक जुनेच राहतात, हेही मोजायला हवं.

हे दांडे बनतात तरी कुठे, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. सोलापूरला १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी मोटारगाड्यांचे कॅमशाफ्ट बनवते आणि ते परदेशांतल्या नामांकित गाड्यांतही बसतात. ओतीव लोखंडाचा कॅमशाफ्ट बनवण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. साच्यात जिथं उंचवटे येणार, तिथं धातूचे तुकडे बसवलेले असतात. तिथलं लोखंड झटकन थंड होतं आणि फार कठीण बनतं. मधला दांडा वाळूत सावकाश थंड होतो, म्हणून तो मऊ राहतो आणि त्यावर कातकाम करता येतं. एकाच दांड्यात, एकाच वेळी, घासणारा भाग कठीण आणि बाकीचा मऊ! अशा कारखान्यात शिकाऊ म्हणून अर्ज करायचं आता भाच्याच्या मनात आहे. आबांनाही ते ठाऊक आहे.

तुम्ही घरी एक गोष्ट करून पाहा. जाड पुठ्ठ्याचे दोन कॅम कापा. एक बारीक टोकाच्या अंड्यासारखा, दुसरा रुंद, बसक्या टोकाचा. गोल भागाच्या मध्यावर भोक पाडून त्यात पेन्सिल अडकवा. वर एक जाड पट्टी टेकवा आणि पेन्सिल हळूहळू फिरवा. पट्टी किती वर उचलली जाते ते फूटपट्टीनं मोजा. ती किती अंशांपर्यंत वर राहते ते कोनमापकानं मोजा. मग ठरवा, दुधाच्या गाडीला कोणता द्याल आणि शर्यतीच्या गाडीला कोणता? उत्तराशेजारी कारण जरूर लिहा.

तो झिजलेला कॅमशाफ्ट मी भाच्याकडून मागून घेतला आणि वर्गात नेला. मुलांना काहीच सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "यात एक जागा आजारी आहे, शोधा." दांडा हातोहात फिरला. कुणी वास घेतला, कुणी वाजवून पाहिला. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं डोळे मिटले, अंगठा सगळ्या उंचवट्यांवरून सावकाश फिरवला आणि एका ठिकाणी थांबली. "बाई, हा इथं पोचतच नाही."

बरोब्बर तीच जागा होती.